गालिच्याखालचे गोणपाट

इतिहास लिहिणाऱ्यांची नजर बहुधा वर लागलेली असते. किल्ल्यांचे बुरूज, देवळांची शिखरे, राजवाड्यांची छते आणि सिंहासनावरची छत्रचामरे यांची वर्णने पानोपानी सापडतात. ज्या भुईवर हे सारे उभे होते त्या भुईवर काय अंथरले होते, ते कोणी विणले, त्यावर कोण बसले, कोणाला त्यावर पाय ठेवू दिला गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणी झाडले, हे प्रश्न आपल्याकडे फारसे विचारलेच गेले नाहीत. वास्तविक ज्या समाजात माणसाची जागा जन्माने ठरते त्या समाजात 'जागा' हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा लागतो. कोणी पाटावर बसायचे, कोणी जाजमावर, कोणी ओसरीखाली मातीत, हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते तिथे बिछायत ही निर्जीव वस्तू राहत नाही. ती गावाच्या कायद्याचे एक पान असते. आपल्या भाषेनेही हे जपून ठेवले आहे. थोरामोठ्यांसाठी 'पायघड्या घालतात'. त्या प्रत्यक्षात घालायचे काम गावगाड्यात परटाचे होते, हे मात्र वाक्प्रचार वापरणाऱ्याला आठवत नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याचे निमित्त घरगुती आहे. मराठवाड्यातल्या एका शहरात मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सोसायटीत आम्ही दोन खोल्यांची जागा घेतली. आधीच्या मालकाने आपल्या ऐपतीच्या दिवसांत पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवून घेतले होते. आमच्या ताब्यात आले तेव्हा ते दारापाशी फाटलेले, मधोमध टक्कल पडलेले आणि कडेला ओलीने काळे झालेले होते. ते काढून त्या जागी मी कार्पेट टाइल बसवल्या, म्हणजे अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असे कार्पेटचे सुटे चौकोन. माणूस न लावता, स्वतः. जुने कार्पेट उपटून उलटे केले तेव्हा त्याची पाठ दिसली. ती तागाची होती. वर साहेबी लव आणि खाली गोणपाट! तिथून पुढे माझे काम एका खोलीपुरते राहिले नाही.

आपल्यापैकी कोणालाही गोणपाट म्हटले की साताऱ्याची शाळा आठवते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपात छापल्या. शाळेत इतर मुलांपासून दूर एका कोपऱ्यात बसायचे, बसायला स्वतंत्र गोणपाट, आणि वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावणार नाही म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे व सकाळी परत आणायचे, ही हकीकत त्यांनी तिथे दिली आहे. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकत आलो आहोत. इतकी की तिच्यातला तपशील आता बोथट झाला आहे. तो तपशील पुन्हा धारदार करून पाहिला पाहिजे. शाळेत झाडलोटीला नोकर होता. म्हणजे बाकीच्यांची बसण्याची जागा ही शाळेची जबाबदारी होती. एकाच मुलाची जागा ही त्याची त्याने वाहायची होती. पाटी-दप्तराबरोबर तो रोज आपली जमीनच काखेत घेऊन येत होता.

याच्या उलट प्रकार सतरा वर्षांनी बडोद्यात घडला. १९१७ च्या सप्टेंबरात, कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत आणि ते जायला उठले की चटया गुंडाळून घेत, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी १९५४ सालच्या इंग्रजी चरित्रात नोंदवले आहे. साताऱ्यात बिछायत त्यांची होती म्हणून ती त्यांनी उचलायची. बडोद्यात ती संस्थानची होती म्हणून त्यांच्यापासून ती वाचवायची! मधल्या काळात मुलगा मोठा झाला, दोन खंडांतल्या विद्यापीठांत शिकला. कापडाचा कायदा मात्र होता तिथेच राहिला.

या कायद्याला शास्त्र होते, हे विसरून चालणार नाही. आपल्या धर्मशास्त्राने कापडाचीही प्रतवारी लावून ठेवली. रेशीम आणि लोकर सोवळ्याला चालते. सुती कापड चालायचे तर ते धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवलेले हवे. सोवळे मोडू नये म्हणून पोरांना लोकरीची धाबळी नेसवण्याची रीत अनेक घरांत होती. विटाळ हा पाण्यासारखा धाग्यातून वाहतो, आणि कोणता धागा त्याला किती वाट देतो याची गणिते मांडलेली होती. या हिशेबात एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसे एकमेकांना शिवलेली असतात. मग सतरंजी तोडायची, नाहीतर माणूस उठवायचा. माझे वडील साठीच्या दशकात खेड्यातल्या शाळेत शिकले. ते सांगत, वर्गात तरटपट्टी होती, पण ती आमच्या रांगेच्या अलीकडेच संपायची. संपायची म्हणजे काय, हे पोरांना कोणी समजावून सांगावे लागत नसे.

आता या तागाचीच कुळकथा पाहा. पीक बंगालचे. एकोणिसाव्या शतकात ते गलबतांतून स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात जाई. ताग राठ, यंत्रावर तुटे. डंडी हे व्हेल माशांच्या शिकारीचे बंदर. त्या माशाचे तेल आणि पाणी चोळले की ताग नरम पडतो हे तिथल्या गिरणीवाल्यांना उमगले, आणि डंडी हे तागाचे जागतिक केंद्र झाले. पुढे १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे हुगळीच्या काठी तागाची पहिली गिरणी निघाली आणि हळूहळू धंदा कच्च्या मालाच्या जवळ सरकला. या गिरण्यांत बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओरिसा, आंध्र इथून माणसे आली आणि त्यांत आपल्यासारख्या जातींची माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांनी विणलेल्या कापडात जगभरचे धान्य भरले गेले. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे वाळूच्या पोत्यांच्या भिंती याच तागाच्या उभ्या राहिल्या. मध्यमवर्गीय युरोपच्या स्वयंपाकघरात लिनोलियम आले त्याच्या पाठीला हेच कापड होते. आणि यंत्रावरचे कार्पेट निघाले तेव्हा त्याच्याही पाठीला हेच. साताऱ्याच्या वर्गातला तो तुकडा या साऱ्या पसाऱ्याचा एक कण होता. साहेबाच्या दिवाणखान्यात गोणपाट खाली दडवले गेले आणि आपल्या वाट्याला ते वर आले, एवढाच फरक.

गालिच्याची वरची बाजू कोणी केली, तीही हकीकत काही वेगळी नाही. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनानंतर विलायतेत हिंदी गालिच्यांची मागणी वाढली. ती भागवण्यासाठी सरकारला स्वस्त हात सापडले ते तुरुंगांत. लाहोर, आग्रा, आपले येरवडे अशा तुरुंगांतून माग बसवले गेले. येरवडा म्हटले की आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो. त्याच भिंतींच्या आत कैद्यांनी विणलेले गालिचे प्रदर्शनांना जात असत, हे आठवत नाही. तुरुंगाचा माल स्वस्त म्हणून बाहेरच्या विणकरांची मजुरी पडली. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज पंडिताने १८८० च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातल्या गालिच्यांवर सडकून टीका केली. पण त्याचे दुःख हस्तकला बिघडल्याचे होते. मागावर बसलेला माणूस कोण, तो कोणत्या गुन्ह्यासाठी आत आला, त्याच्या बोटांचे काय झाले, हे त्याला विचारावेसे वाटले नाही.

या तुरुंगी गालिच्यांतला सर्वांत प्रसिद्ध गालिचा आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर किल्ल्यात आहे. वॉटर्लूच्या विजयाच्या स्मरणार्थ सजवलेल्या दालनासाठी तो आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीकरता विणला. १८९४ साल त्याच्यावर आहे. सबंध दालनाएवढा, कुठेही सांधा नसलेला, वजन सुमारे दोन टन. २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसरला मोठी आग लागली तेव्हा तो वाचवायला पन्नास सैनिक लागले. त्यांनी तो गुंडाळून बाहेर काढला. गालिचा अजून आहे. वॉटर्लूच्या सेनानींच्या तसबिरी त्या दालनाच्या भिंतींवर नावानिशी आहेत. विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या दालनात नाही.

स्वातंत्र्यानंतर तुरुंगाची जागा मिर्झापूर-भदोहीच्या पट्ट्याने घेतली, असे म्हटले तर ते फार कठोर होईल का? तिथला विणकर हा कारागीर आहे, त्याची कला खरी आहे, आणि मुसलमान अन्सारी विणकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत तिच्यात आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत निर्यात वाढली तशी मागावर मुले आली. त्यांतली पुष्कळशी बिहारच्या, म्हणजे आजच्या झारखंडमधल्या, पलामू भागातून आणलेली, दलित आणि आदिवासी घरांतली. बापाच्या हातावर पेशगी ठेवायची आणि पोर घेऊन जायचे. लहान बोटांना गाठी चांगल्या मारता येतात, असे समर्थन तेव्हा राजरोस केले जाई. ही शुद्ध थाप आहे. उत्तम गालिचे मोठ्या माणसांनीच विणलेले असतात. लहान बोटांचा एकच गुण मालकाला हवा होता. ती मजुरी मागत नाहीत.

१९८६ च्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना ज्या कामांवर ठेवण्यास मनाई केली त्या यादीत गालिचे विणणे होते. मात्र त्याच कायद्यात, मालक आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने काम करीत असेल तर त्या जागेला ही मनाई लागू नाही, अशी पळवाट ठेवली होती. परिणाम काय झाला, हे ज्याला आपला देश माहीत आहे त्याला सांगायला नको. प्रत्येक मागावरचे पोर पुतण्या झाले. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाला १९९७ साली उत्तर प्रदेशातल्या याच धंद्यातल्या मुलांबद्दल आदेश द्यावे लागले. त्याआधी, १९९४ साली, कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून मुलांच्या हातून न विणलेल्या गालिच्याला 'रगमार्क' ही खूण देण्याची व्यवस्था सुरू झाली; २००९ पासून तिचे नाव 'गुडवीव्ह' आहे. सीमेपलीकडे पाकिस्तानात, लहानपणीच मागाला बांधला गेलेला आणि सुटल्यावर त्याविरुद्ध जगभर बोललेला इक्बाल मसीह १६ एप्रिल १९९५ रोजी गोळी लागून मेला. तो बारा-तेरा वर्षांचा होता.

माझ्या खोलीतले कार्पेट अर्थात या हातांनी विणलेले नव्हते. ते यंत्राचे होते. यंत्राच्या कार्पेटची कथा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी सुरू होते आणि तिच्या मुळाशीही एक गरीब घरातली मुलगीच आहे. कॅथरिन इव्हान्स हिने १८९५ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, कापडावर जाड सूत ओवून, त्याचे टोक कातरून लव उठवलेली एक चादर केली. १९०० साली तिने अशी एक चादर अडीच डॉलरला विकली. पाहता पाहता त्या भागातल्या घरोघरच्या बायका हे काम करू लागल्या. तिसाच्या दशकात सुयांची यंत्रे आली आणि १९५० च्या आसपास याच तंत्राने रुंदच्या रुंद कार्पेट निघू लागले. त्याला विणणे म्हणता येणार नाही. तयार कापडात शेकडो सुया एकदम धागा खुपसतात, मागून रबरी चिकाचा थर देतात आणि त्यावर दुसरे कापड डकवतात. ते दुसरे कापड बरीच वर्षे तागाचे होते. साठच्या दशकापासून त्याची जागा पॉलिप्रॉपिलीन घेत गेले. धागाही लोकरीऐवजी नायलॉनचा आला. अमेरिकेतल्या सामान्य नोकरदाराच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आले ते यामुळे. यंत्राने ऐषारामाची वस्तू स्वस्त केली, हे मान्यच करायला हवे. हाताच्या कामाची आरती ओवाळणारे बहुधा ते काम स्वतः करणारे नसतात.

पण या अखंड कार्पेटची एक खोड आहे. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. दार, वाट, खुर्चीचे पाय इथे ते मरते आणि कपाटाखाली नव्यासारखे राहते. एका जागी झिजले की सगळे टाकावे लागते. कार्पेटचे सुटे चौकोन करण्याची कल्पना इथून पुढची. नेदरलँड्समधल्या ह्यूगा या कारखान्याने १९५० च्या दशकात ती धंद्यात आणली. १९७३ साली रे अँडरसन यांनी जॉर्जियातच, लाग्रेंज गावी, एका ब्रिटिश कंपनीच्या भागीदारीत इंटरफेस ही कंपनी काढली आणि १९८८ साली ह्यूगाही विकत घेतली. त्या काळात कचेऱ्यांमधून संगणक येत होते. त्यांच्या तारा जमिनीखालून न्यायच्या तर जमीन हवी तेव्हा उघडता आली पाहिजे. चौकोन उचलला, तार टाकली, चौकोन परत ठेवला. कार्पेट टाइलचा प्रसार झाला तो कोणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे, तारांमुळे.

या अँडरसन यांची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. १९९४ साली पॉल हॉकेन यांचे 'द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स' हे पुस्तक वाचून या भांडवलदाराने, आपला धंदा म्हणजे पृथ्वीची लूट आहे, असे जाहीरपणे म्हणायला सुरुवात केली आणि २०११ साली मरेपर्यंत आपल्या कारखान्यांचा उपद्रव शून्यावर आणण्याचा ध्यास घेतला. जुने कार्पेट परत घेऊन त्यातून नवे करणे हा त्याचा भाग. २००० साली त्यांच्या कंपनीने जंगलातल्या जमिनीसारखी नक्षी काढली, जिच्यात कोणतेही दोन चौकोन सारखे नाहीत आणि कोणताही कुठेही, कोणत्याही दिशेने बसतो. म्हणून वायाही कमी जाते. २००३ पासून घरी स्वतः बसवण्याचे चौकोन वेगळ्या नावाने विक्रीला आले. जमिनीला गोंद लावायचा नाही, चौकोनांची कोपरे चिकट टिकल्यांनी एकमेकांना जोडायची. अँडरसन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप हिशेबाबद्दल आहे. निसर्गाचे देणे त्यांनी मांडले. कार्पेट झाडणारीचे देणे अशा हिशेबांत कुठल्या रकान्यात येते?

माझी माय एका कचेरीत बावीस वर्षे झाडूवाली होती. त्या कचेरीत साहेबाच्या खोलीत कार्पेट होते. बाकी इमारत झाडायला एक तास, ती एक खोली झाडायला अर्धा तास. ओलसर चहापत्ती भुरभुरायची, म्हणजे धूळ उडत नाही, मग गुडघ्यांवर बसून ब्रशने लवेच्या उलट्या दिशेने ओढायचे. चपला दाराबाहेर. साहेब बूट घालून आत येई. तिच्या छातीत आजही धूळ आहे आणि गुडघे गेलेले आहेत. कार्पेटबद्दल मला जे काही खरे कळते ते तिच्याकडून. पुस्तकांतून फक्त साले कळली.

म्हणूनच, मी सुरी घेऊन खोलीत बसलो तेव्हा तिचा पहिला उद्गार होता, "याच्यासाठी शिकवलं का रं तुला?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्लंड-अमेरिकेत 'आपले काम आपण करा' ही चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचा गृहस्थ लोकांना घर दुरुस्त करायला शिकवी आणि लाखो लोक ते बघत. तिथे मजूर महाग झाला होता आणि कारकुनाच्या हाताला कामाची हौस सुटली होती. आपल्याकडे मजूर महाग नाही. फरशी घासायला, शेण सारवायला, गटार उपसायला माणूस मिळतो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हेही ठरलेले आहे. जात म्हणजे कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगून ठेवले. ज्यांच्यावर हाताचे काम जन्माने लादले गेले त्यांच्या घरात पदवी म्हणजे त्या कामातून सुटका. ती मिळाल्यावर पोराने हौसेने गुडघे टेकावेत, हे मायला पटेल कसे? आणि दुसरीकडे शेजारच्या मजल्यावरचे सद्‌गृहस्थ दारातून डोकावून म्हणाले, "सर, एखादा माणूस लावायचा की! तुमच्याकडे तर ओळखी असतील." 'तुमच्याकडे' या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला. ज्यांना ऐकायची सवय आहे त्यांना तो ऐकू येतो.

मायचा नकार आणि शेजाऱ्याचा सल्ला वरवर एकच दिसतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मायला काम हलके वाटत नाही. ते काम आपल्यालाच का, हा तिचा प्रश्न आहे. शेजाऱ्याला काम हलके वाटते, आणि ते कोणाचे हे त्याला पक्के ठाऊक आहे. मी मायला एवढेच सांगितले की ही खोली आपली आहे, आणि तुझे गुडघे थंड फरशीवर दुखतात. ती खुर्चीवर कधी बसत नाही.

काम काही अवघड नाही, पण घाईचे नाही. जुने कार्पेट हातभर रुंदीच्या पट्ट्यांत कापावे, म्हणजे ओढायला जोर लागत नाही आणि जिन्यातून नेता येते. नाकातोंडाला फडके बांधावे. खालचा सडका चीक पिठासारखा उडतो. फरशीवर राहिलेला गोंद मी पत्र्याच्या खरवडणीने दोन दिवस खरवडला, कारण गोंदाची एक गाठ राहिली तरी वरचा चौकोन डुगडुगतो. नवे चौकोन एक दिवस खोलीत उघडे ठेवावे. भिंतीवर विश्वास ठेवू नये, कोणतीच भिंत सरळ नसते. दोन्हीकडून मध्य काढून, खडू लावलेल्या दोरीने दोन रेषा मारून, मधून सुरुवात करावी. प्रत्येक चौकोनाच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एका दिशेला ठेवले तर खोली अखंड दिसते. एक उभा एक आडवा ठेवला तर पट उमटतो आणि सांधे लपतात. मी दुसरी रीत घेतली. कडेचे तुकडे पाठीकडून, लोखंडी गुण्याला सुरी टेकवून कापावे आणि पाते पुन्हा पुन्हा बदलावे. माझी खोली नऊ बाय अकराची. पन्नास चौकोन आणले, अठ्ठेचाळीस लागले.

दुसऱ्या दिवशी अर्धी खोली झाल्यावर माय येऊन उभी राहिली. एक बाण चुकतोय म्हणाली; खरेच लव उलटी होती. मग तिने माझ्या हातातून चौकोन घेतला आणि तळव्याने लव फिरवून कोणती बाजू कुठे हे बाण न बघता सांगू लागली. बावीस वर्षांत ती दिशा तिच्या हातात बसली होती. उरलेले चौकोन आम्ही दोघांनी लावले. "ही तर भुईची वाकळच झाली," ती म्हणाली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेले अंथरूण-पांघरूण. आपल्या घरांत ज्याच्यावर आपण सगळे जन्मलो ते. लाग्रेंज आणि नेदरलँड्सच्या कारखान्यांना विसाव्या शतकात जे सुचले, की फाटेल तेवढाच तुकडा बदलावा, ते आपल्या आया-आज्यांना दारिद्र्याने कधीच शिकवले होते.

एक गोष्ट मात्र मला हे काम करताना सारखी टोचत होती. अर्धा मीटरचा एक चौकोन म्हणजे मांडी घालून बसलेल्या एका पोराची जागा. साताऱ्याच्या शाळेतला गोणपाटाचा तुकडा एवढाच असेल. प्रत्येकाला सुटा चौकोन, हीच तर आपल्या समाजाची आवडती रचना. तेव्हा तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीचे कौतुक करताना जपून बोलावे. वाकळीत तुकडे एकमेकांना शिवलेले असतात. शाळेच्या वर्गात ते तसे नव्हते.

आणि जुन्या कार्पेटचे काय? त्याचे सहा भारे झाले. भंगारवाल्याने एक भारा उलटासुलटा करून पाहिला आणि याला भाव नाही म्हणाला. त्याचे बरोबर होते. नायलॉन, रबरी चीक आणि ताग एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की एकही पदार्थ परत सुटा मिळत नाही. परत घेऊन नवे करणारे कारखाने आमच्या गल्लीपर्यंत पोचलेले नाहीत. घंटागाडीवरची दोन माणसे आधी नको म्हणाली, मग माझ्याबरोबर एकेक भारा त्यांनी तीन जिने उतरवला. त्यांतल्या एकाने विचारले, साहेबांच्या हापिसातले का हे? ते शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर गेले असणार, जिथे ते उलथेपालथे करणाऱ्या बायका कोणत्या वस्त्यांतून येतात हे या पानांच्या वाचकांना ठाऊक आहे. ओलीने सुटलेल्या कडेचे थोडे गोणपाट तेवढे धड निघाले. ते कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माणसाने रोपांची मुळे गुंडाळायला नेले.

उरलेले दोन चौकोन पलंगाखाली ठेवले आहेत. दाराजवळचा आधी जाईल, असे माय म्हणते. साहेबाच्या खोलीतही दाराजवळचेच आधी गेले होते.